डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांची इंजिनं

इग्निशन टायमिंगवर, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडावी यावर, आलेल्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत. सगळ्या गाड्या सीबी पॉइंटवाल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आत उघडमीट करून ठिणगी पाडणारे ते पॉइंट), निदान कधीकाळी तरी पॉइंटवाल्या होत्या. गाडी समोर नसताना सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला मान्य आहे. त्यामुळे माझा आकडा आणि तुमच्या गाडीचं मॅन्युअल यांत फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका.

प्रश्न : नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवले. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मिळवून मॅन्युअलप्रमाणे बरोबर 8 अंशांवर टायमिंग लावलं. तेव्हापासून गाडी चढावर दमते, तापमानाचा काटा वर सरकतो आणि पेट्रोलही जास्त लागतं. पुलीवरची खूण तर तंतोतंत जुळते. मग बिघडलं काय?

उत्तर : लाइट लावण्याआधी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा संशय तिथंच आहे.

त्याचं असं आहे की, ठिणगी पडल्यावर मिश्रण एकदम फुटत नाही, ते जळत जातं. ज्योत पसरून सिलिंडरमधला दाब शिखरावर यायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. तो दाब उपयोगी पडायचा तर पिस्टन टीडीसीवरून, म्हणजे अगदी वरच्या टोकावरून, जरा खाली उतरायला लागलेला हवा. क्रँक पंधरा-एक अंश पुढे गेलेली असते तेव्हा. म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी टाकायची. किती आधी, ते वेगावर. 1000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 6 अंश फिरते, 3000 ला 18 अंश. वेग वाढतो तसा सिलिंडरमधला घुसळाही वाढतो आणि मिश्रण भराभर जळतं, म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी टीडीसीच्या जितके अंश आधी पडते तो आकडा, वेगाच्या थेट प्रमाणात वाढवावा लागत नाही. पण वाढवावा लागतोच, आणि ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे ढकलतात.

हाताने लावलेलं मूळ टायमिंग हा पहिला हिस्सा, वजनं दुसरा, आणि तिसरा व्हॅक्यूमचा. थोड्याशा ॲक्सिलरेटरवर गाडी सपाट रस्त्यानं निवांत चाललेली असते, तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी शिरतं आणि त्यात जळलेल्या वायूंचा वाटा जास्त राहतो. असं विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी आणखी आधी लागते. मॅनिफोल्डमधली (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्यातली) ओढ नळीतून डिस्ट्रिब्युटरला लावलेल्या व्हॅक्यूमच्या डब्यातला पडदा खेचते, पडदा पॉइंटची प्लेट फिरवतो.

आता तुमचा हिशोब मांडू. उदाहरण म्हणून धरा की वजनं जास्तीत जास्त 24 अंश देतात आणि स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, व्हॅक्यूमचा डबा 10 अंश. मॅन्युअलमधले 8 अंश असतात डब्याची नळी काढून ठेवल्यावरचे. नळी जोडलेली ठेवून तुम्ही खूण 8 वर आणली, तर त्यातले 10 डब्याचे झाले आणि मूळ टायमिंग टीडीसीच्या 2 अंश नंतर, म्हणजे उशिरा गेलं. चढावर ॲक्सिलरेटर दाबलात की मॅनिफोल्डमधली ओढ पडते, डबा आपले 10 अंश काढून घेतो. उरतात 22. हवे होते 32. दहा अंश उशीर झालेल्या इंजिनात जळण उशिरा संपतं, बरीचशी उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सरच्या वाटेनं आणि पाण्याच्या जॅकेटमध्ये जाते. दमणं, तापणं, पेट्रोल पिणं ही तिन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत. अशा वेळी रेडिएटर धुणारे आणि थर्मोस्टॅट बदलणारे मी पुष्कळ पाहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

नळी तुम्ही काढली होती असं असेल, तर पुढचा संशय स्लो स्पीडवर. स्लो 1200-1300 वर चढवून ठेवलेला असेल तर वजनं आधीच थोडी उघडलेली असतात आणि हिशोब तसाच फसतो. आधी इंजिन पूर्ण गरम करा, चोक कामावर नाही ना ते पाहा, मॅन्युअलमधला स्लो लावा आणि मगच लाइट धरा. टायमिंग पुढेमागे केलं की स्लो बदलतो. तो पुन्हा लावायचा आणि खूण पुन्हा पाहायची. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जागेवर येतात.

पॉइंटची गॅप या सगळ्याच्या आधी. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. गॅप कमी झाली की मागं. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तितके अंश) मोजायचा मीटर असेल तर ढोबळ नियम असा : ड्वेल एक अंशानं वाढला की टायमिंग क्रँकच्या साधारण एक अंशानं मागं पडतं. टायमिंग लावून मग गॅप नीट केली, तर लावलेलं टायमिंग वाया गेलं. आणि तुमचे पॉइंट नवे आहेत. कॅमवर घासणारा त्यांचा टाचेचा भाग सुरुवातीला पटकन झिजतो आणि गॅप आपोआप कमी होते, म्हणून काही दिवस चालवल्यावर गॅप आणि टायमिंग दोन्ही पुन्हा तपासा. कॅमवर ग्रीसचा पातळ हात फिरवलात तर झीज कमी होईल.

इतकं करूनही गाडी दमतच असेल तर पुलीवर शंका घ्या. काही इंजिनांच्या पुलीत मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. रबर जुनं झालं की कडी सरकते, आणि खूण असते कडीवर! लाइट जागा दाखवतो ती खुणेची, पिस्टनची नव्हे. खात्री करायची तर बॅटरीची वायर काढा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडेल असा स्टॉपर बसवा आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवून पिस्टन स्टॉपरला टेकवा. पुलीवर खडूनं रेघ मारा. उलट्या दिशेनं फिरवून पुन्हा टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरं टीडीसी. पुलीची खूण तिथं नसेल तर पुली बदला. कडी आज सरकली, उद्या निसटेल.

प्रश्न : काका, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून खडखड आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो टायमिंग कानानं लावलंय, एकदम बरोबर आहे. मी स्वतः थोडं मागं घेऊन पाहिलं, आवाज गेला पण पिकअपही गेला. आता काय करू?

उत्तर : कानानं टायमिंग लावणारा माणूस काय करतो ते बघ. स्लोवर इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवत जातो, इंजिनचा वेग सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात गोड वाटेल तिथं थांबतो, फार तर केसभर मागं घेतो. मोकळ्या, ओझं नसलेल्या इंजिनला भरपूर ॲडव्हान्स आवडतोच आणि स्लोवर ते कधी तक्रार करत नाही. तक्रार ओझ्याखाली होते, तेव्हा मेकॅनिकचा कान तिथं नसतो, तुझा असतो. व्हॅक्यूम गेज लावून सुई सर्वांत वर जाईल तिथं टायमिंग ठेवणारेही याच वाटेनं जातात. रस्त्यात अडकलात आणि हाताशी काही नसलं तर घरी पोहोचण्यापुरता कान ठीक. त्यापुढे नाही.

म्हणून आधी लाइटनं मोज, आत्ता टायमिंग कुठं आहे ते. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा बरंच पुढं निघालं तर प्रश्न मिटला. सकाळी सेल्फ मारताना स्टार्टर मध्येच अडकून मागं झटका देतो का? तेही जास्त ॲडव्हान्सचंच लक्षण. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ॲडव्हान्सचा दांडा स्टिअरिंगखाली डाव्या हाताला असायचा आणि चालवणाऱ्यानं तो स्वतः पुढेमागे करायचा. दांडा मागं न घेता हँडल मारलं तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. तुझं मनगट स्टार्टरमुळे वाचतं इतकंच.

टायमिंग आकड्यावरच असेल आणि तरी खडखड असेल, तर ती नेमकी कधी होते यावर लक्ष ठेव. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर होते? त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये ओढ जवळपास शून्य असते, म्हणजे व्हॅक्यूमचा डबा कामावरच नसतो. दोष मूळ टायमिंगचा किंवा वजनांचा. उलट, हलक्या पायानं एकसारख्या वेगात जाताना किंवा पाय किंचित वाढवताना बारीक किरकिर होत असेल, तर नळी काढून, बूच मारून तोच रस्ता पुन्हा कर. आवाज गेला तर डबा गरजेपेक्षा जास्त खेचतोय. बहुतेक कधीतरी दुसऱ्याच इंजिनचा डबा बसवलेला असतो.

पिकअप जातो म्हणतोस, त्यावरून मला वाटतं की तू मागं घेतलंस ते अंदाजानं आणि फार. दोन अंश मागं घे, चालवून बघ, आणखी हवं तर आणखी एक. जुन्या मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी छापलेला असतो. आजचं पेट्रोल वेगळं असेल तर दोन-तीन अंशांचा फरक करण्यात काही पाप नाही. पण पाच-सहा अंश मागं घेतल्याशिवाय आवाज जात नसेल तर कारण टायमिंगबाहेर आहे. सिलिंडर हेडमध्ये साठलेला कार्बन, चुकीच्या हीट रेंजचे प्लग, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा आणि त्यामुळे विरळ झालेलं मिश्रण. त्यांच्यावर टायमिंगचं पांघरूण घालू नकोस.

एक राहिलंच. चावी बंद केल्यावर इंजिन धडधडत फिरत राहतं तो प्रकार यात मिसळू नकोस. तेव्हा ठिणगीच पडत नसते, पेट्रोल गरम कार्बनवर आपोआप पेट घेतं. आधी स्लो जास्त आहे का ते बघ.

प्रश्न : वडिलांची गाडी कित्येक वर्षांनी चालू केली. कार्ब्युरेटर दुरुस्त करून आला, पण व्हॅक्यूमची नळी कुठं होती ते कुणालाच आठवत नाही. एक जागा कार्ब्युरेटरवर आहे, एक खाली मॅनिफोल्डवर. एक जण म्हणतो मॅनिफोल्डच खरं, कार्ब्युरेटरवरची जागा फक्त प्रदूषणाच्या नियमांसाठी आली. दुसरा नेमकं उलटं सांगतो. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांना चहा पाजा आणि मॅन्युअल उघडा. हा वाद मी अनेक गॅरेजांत ऐकलाय आणि त्यातून आजवर एकही गाडी सुधारलेली पाहिली नाही.

फरक फक्त स्लोचा आहे. मॅनिफोल्डच्या जागेवर इंजिन चालू झालं की ओढ असते, स्लोवर तर भरपूर. कार्ब्युरेटरवरच्या जागेचं भोक बंद थ्रॉटलच्या पातीच्या जरा वर पाडलेलं असतं, म्हणून स्लोवर तिथं ओढ नसते. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की पातीची कड भोकावरून सरकते आणि ओढ सुरू होते. तिथून पुढे दोन्ही जागा जवळपास सारख्याच वागतात, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर दोन्हीकडे काही उरत नाही. नळी काढून बोटानं तपासा. गरम इंजिन, स्लो नीट लावलेला, बोट चिकटलं तर मॅनिफोल्डची ओढ. चिकटलं नाही आणि थ्रॉटल जरासा उघडताच चिकटलं, तर दुसरी. स्लो वाढवून ठेवला असेल तर पाती आधीच उघडी असते आणि ही परीक्षा फसते.

प्रदूषणाची गोष्ट अर्धी खरी आहे. नियम आल्यावर काही इंजिनांत स्लोवरचा ॲडव्हान्स मुद्दाम काढून घेतला गेला. पण कार्ब्युरेटरवरून नळी घेण्याची पद्धत त्या नियमांच्या आधीपासूनची आहे. ज्या इंजिनचा डिस्ट्रिब्युटर, मूळ टायमिंग आणि स्लो या जागेला धरून ठरवलेले आहेत, त्याची नळी मॅनिफोल्डला नेली तर स्लो चढतो. मग लोक स्क्रू फिरवून तो उतरवतात, आणि गिअर टाकल्यावर किंवा दिवे लावल्यावर ओढ जरा घटली की ॲडव्हान्सही घटतो, स्लो आणखी पडतो, इंजिन बंद.

मॅन्युअल मिळालंच नाही तर डबा स्वतः काही सांगतो. लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या डब्यावर तीन आकडे ठोकलेले असतात. समजा, 5-17-10 असं लिहिलंय. याचा अर्थ पाऱ्याच्या 5 इंच ओढीला प्लेट हलू लागते, 17 इंचांना पूर्ण हलते आणि जास्तीत जास्त 10 अंश देते. हे अंश डिस्ट्रिब्युटरचे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकवर ते 20 होतात. (वजनांच्या आकड्यांचंही तसंच. निम्मे वाद या दुपटीच्या घोटाळ्यातून होतात.) हाच डबा मॅनिफोल्डला लावला आणि तुमच्या इंजिनची स्लोवरची ओढ 15-16 इंचांवर हेलकावत असेल, तर पडदा ना पूर्ण खेचलेला ना सुटलेला. तो थरथरत राहणार आणि त्याबरोबर टायमिंगही. अशा गाडीची नळी कार्ब्युरेटरवरच ठेवलेली बरी.

डब्याला दोन नळ्यांची तोंडं आहेत का तेही पाहा. काही डब्यांत दुसरा पडदा टायमिंग स्लोवर मागं घेण्यासाठी असतो. तोंडं उलटी जोडली गेली तर सारंच उलटं होतं.

प्रश्न : डिस्ट्रिब्युटर उघडला तर वजनांच्या दोन स्प्रिंगांपैकी एक जाड आणि चक्क ढिली, हातानं हलते. दोन्ही बारीक, ताठ स्प्रिंगा घालू का?

उत्तर : नको! ती ढिलीच असते. सुरुवातीला एकट्या बारीक स्प्रिंगवर वजनं भराभर उघडतात. ठरावीक वेगाला जाड स्प्रिंगचा सैल फासा ताणला जातो आणि तिथून ॲडव्हान्स सावकाश वाढतो. दोन बारीक घातल्यात तर मधल्या वेगातच सगळा ॲडव्हान्स येऊन बसेल आणि इंजिन खडखडेल. तुम्ही फक्त इतकं पाहा : रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरणारा तुकडा) फिरण्याच्या दिशेनं हातानं पिरगाळून सोडा, तो आपणहून झटक्यानं मागं आला पाहिजे. रेंगाळला तर वजनांच्या पिना गंजल्या आहेत किंवा बारीक स्प्रिंग थकली आहे.

प्रश्न : टायमिंग लाइट नाही. साध्या बल्बवर काम होतं असं ऐकलं. कसं?

उत्तर : होतं, आणि इंजिन बंद ठेवून होतं, म्हणून नवख्याला मी हेच आधी शिकवतो. प्लग काढले की इंजिन हातानं सहज फिरतं. सुटलेल्या प्लगच्या वायरा अर्थ करून ठेवा, पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र नकोत. रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरकडे येईल असं पाहा. पुलीची खूण दर दोन फेऱ्यांत दोनदा येते आणि त्यातली एकच कॉम्प्रेशनची असते. 12 व्होल्टचा बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडा, इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की पेटतो. इंजिन चालण्याच्याच दिशेनं फिरवत खूण ठरलेल्या अंशावर आणा. पुढे गेली तर बरंच मागं नेऊन पुन्हा या, नुसतं अंशभर मागं ओढाल तर चेन आणि गिअरमधला ढिलेपणा आकड्यात शिरेल. मग क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेनं थोडा फिरवा, पॉइंट मिटतील. आता रोटरच्या उलट दिशेनं हळूच फिरवा. बल्ब पेटला तिथं थांबा, आवळा. काम झाल्याबरोबर इग्निशन बंद करा, मिटलेल्या पॉइंटवर कॉइल तापत बसते.

मॅन्युअलमध्ये बंद इंजिनचा आकडा आणि चालू इंजिनचा आकडा वेगवेगळा असू शकतो. बल्बला पहिला, लाइटला दुसरा.

आणि पुढेमागे लाइट घेतलातच, तर त्याच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, हे हात पुढे करण्याआधी आठवा. सैल बाही, ओढणी, लोंबणारी वायर यांपैकी काही जवळ नको. चालू इंजिनचं काम बंद शेडमध्ये तर नकोच.

प्रश्न : ॲक्सिलरेटर हलकेच दाबला की इंजिन झटका खाऊन मिस करतं. व्हॅक्यूमची नळी काढली की बरं चालतं. डबा बदलला, तरी तेच. आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणार आहे. त्यानं जाईल का? आणि टायमिंग पुन्हा लावावं लागेल?

उत्तर : डबा बदलण्याआधी नळीतून तोंडानं हवा ओढून जीभ लावून धरायची होती. प्लेट सरकून तशीच राहिली तर पडदा शाबूत. हळूहळू मागं आली तर फाटलेला.

तुमच्या गाडीत मला वाटतं प्लेट हलतेय, आणि हलतेय म्हणूनच इंजिन मिस करतंय. डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरत्या प्लेटपासून बॉडीपर्यंत एक बारीक, लवचिक अर्थ वायर जाते. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की प्लेटबरोबर ती वाकते, आणि वर्षांनुवर्षं वाकून आतली तार तुटते. बाहेरचं आवरण धड दिसतं. नळी काढली की प्लेट स्थिर, तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली, इंजिन खूष. मीटर लावून प्लेट हातानं फिरवत पाहा. पॉइंटकडून बाहेर जाणारी वायरही अशीच तपासा. दोन्ही ठीक निघाल्या तर प्लेट वरखाली डुगडुगते का ते पाहा, कारण ती डुगडुगली की सरकताना पॉइंटची गॅप बदलते.

किट बसवून पॉइंटच्या गॅपची कटकट जाईल. पण बरीच किटं त्याच प्लेटवर बसतात आणि तिच्याच अर्थवर चालतात, म्हणून वायर आधी बदला. टायमिंग तर नक्कीच पुन्हा लावायचं. सेन्सरची जागा पॉइंट उघडण्याच्या जागेशी जुळेलच असं नाही, आणि कित्येक किटांवर बल्बची युक्ती चालत नाही, लाइटच हवा. वजनं, स्प्रिंगा आणि डबा जुनेच राहतात. प्लेट सुटलेलीच असेल, तेव्हा वजनांच्या पिनांना आणि रोटरखालच्या फेल्टला तेलाचा एकेक थेंब द्या.